ब्रिटानियाचे आठ सद्गुण आणि आम्ही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाची मागणी केली, तेव्हा आमच्याकडून विद्यालयाच्या स्थापनेचा इतिहास किंवा धम्मचळवळीतील एखादा प्रसंग येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. इतिहासाच्या शिक्षकाकडून दुसरे काय मागावे? परंतु हे विषय अधिक अधिकारी लेखणीने याच अंकात हाताळले आहेत असे कळल्यावर, गेली पंचवीस वर्षे मनात असलेला आणि शिक्षकवृंदात कधी मोकळेपणाने न मांडलेला एक विषय घेण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. विषय आहे संगणकावरील एका खेळाचा. जुने विद्यार्थी हे वाचून हसतील. हसावे. त्यांच्यापैकी काहींनी तो खेळ आमच्या पाठीमागे उभे राहून पाहिला आहे.

सन १९९७ मध्ये मुंबईत नोकरीस असलेल्या एका हितचिंतकांनी त्यांच्या कार्यालयातून बाद झालेला एक संगणक वसतिगृहास भेट दिला. सोळा रंगांचा पडदा, जाड आवाजाचा कळफलक आणि सोबत बुटाच्या खोक्यात पंधरावीस फ्लॉप्या. आम्ही तेव्हा वसतिगृहाचे अधीक्षकपदही सांभाळत होतो. वय सत्तावीस, पदरी इतिहासाची एम.ए. आणि संगणकाचे ज्ञान शून्य. फ्लॉप्या एकेक करून घालून पाहताना एकीतून एक ओढा, एक झाड आणि एक पुस्तक पडद्यावर आले. खेळाचे नाव होते ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’. त्या खेळाचा जो मुख्य विषय आहे, त्याच्याशी विसंगत गोष्ट आधीच कबूल केलेली बरी : ती फ्लॉपी नक्कल केलेली होती. प्रामाणिकपणाचा धडा आम्ही चोरीच्या प्रतीवर गिरवला. आज हा खेळ अधिकृतपणे विनामूल्य मिळतो, हे आमचे दुबळे समाधान.

हा खेळ १९८५ साली अमेरिकेत ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेने काढला. कर्ता रिचर्ड गॅरियट. हा गृहस्थ इंग्लंडात केंब्रिज येथे जन्मलेला, टेक्सासात वाढलेला आणि अंतराळवीर ओवेन गॅरियट यांचा मुलगा. पुढे २००८ मध्ये तो स्वतःही अंतराळ स्थानकावर जाऊन आला. विद्यार्थिदशेतच त्याने पहिला खेळ लिहिला होता आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात विकायला ठेवला होता. अल्टिमाचे पहिले तीन भाग १९८१ ते १९८३ या काळात आले. त्यांत एकेक दुष्ट शक्ती होती : मोंडेन, मग मिनाक्स, मग एक्सोडस. तिला मारले की खेळ संपे. मारण्यापूर्वी वाटेत दुकानदाराला लुटले, निरपराध गावकऱ्याला कापले, तरी हिशोब कोणी मागत नसे. खेळणाऱ्यांची पत्रे वाचताना गॅरियटच्या ध्यानात आले की, जगाचा तारणहार म्हणून मिरवणारे हे वीर प्रत्यक्षात दरोडेखोरासारखे वागत आहेत. चौथ्या भागात त्याने दुष्टच काढून टाकला. मारायला कोणी उरले नाही. खेळणाऱ्याने स्वतः चांगले व्हायचे, एवढेच काम ठेवले.

चांगले म्हणजे काय, याची मांडणी त्याने सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांवर केली. त्यांच्या मिश्रणातून आठ सद्गुण निघतात : प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता. आठ हा आकडा पाहून आमचे कान टवकारले, हे निराळे सांगायला नको. परंतु अष्टांगिक मार्गाशी त्याची जुळणी लावण्याचा मोह आम्ही तेव्हाही टाळला आणि आताही टाळतो. सम्यक् आजीव त्या आठांत कोठेही नाही आणि आमच्या मते ही त्या मांडणीतील मोठी उणीव आहे. त्या राज्यात माणसे काय करून पोट भरतात, याविषयी खेळ फारसा विचार करीत नाही.

खेळाची सुरुवात एका जत्रेत होते. तेथे भटक्या जमातीची एक वृद्धा गाडीत बसलेली असते. ती पत्ते मांडते आणि सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर उभे केलेले असतात आणि दोन्ही उत्तरे चांगलीच असतात. न मोजलेली मोहरांची थैली पोचवायला दिली आहे, वाटेत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोचवाल, की कोणाच्या ध्यानात न येणारे एक नाणे त्याला द्याल? आठ सद्गुणांच्या जोड्या अठ्ठावीस होतात, म्हणून दर वेळी प्रश्न बदलतात. शेवटी जो सद्गुण उरतो, त्यानुसार तुमचा पेशा ठरतो आणि तुमचे गाव ठरते. आमच्या वाट्याला न्याय आला, यू नावाचे अरण्यातील गाव आले आणि पेशा आला ‘ड्रुइड’चा. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचा पुरोहित! आयुष्यभर पुरोहितशाहीविरुद्ध भाषणे केली आणि पहिल्याच बैठकीत यंत्राने आम्हांला पुरोहित करून टाकले. मुले पोट धरून हसली.

त्यानंतर दर शनिवारी चार वाजता संगणक कक्षात आमची बैठक भरू लागली. ब्रिटानिया नावाचे ते जग उभेआडवे २५६ चौकटींचे. मूळ डब्यात कापडी नकाशा येत असे, त्यावर गावांची नावे रूनिक लिपीत असत. आमच्याकडे नकाशा नव्हता, म्हणून मुलांनी चौकटीच्या वहीची पाने जोडून तो काढला. आकाशात दोन चंद्र, ट्रॅमेल आणि फेलुका. त्यांच्या कलांनुसार ठिकठिकाणी निळी द्वारे उघडतात आणि माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी पोचतो. दोन्ही चंद्र पूर्ण असतील तेव्हाच अध्यात्माच्या मंदिराकडे जाणारी वाट खुली होते, हे आमच्या मुलांनी शोधून काढले. पौर्णिमेचे महत्त्व वसतिगृहातील मुलांना कोणी समजावून द्यावे लागत नाही.

इतिहासाच्या शिक्षकाला हा खेळ का आवडावा, याचे उत्तर त्यातील संभाषणांत आहे. पुढे काय करायचे ते खेळ कधीच सांगत नाही. गावोगाव फिरायचे, प्रत्येकाला नाव विचारायचे, काम विचारायचे आणि त्याच्या बोलण्यातील एखादा शब्द पकडून पुन्हा विचारायचे. एका गावची बाई सांगते की अमुक वस्तूची माहिती दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्याला आहे. त्या म्हाताऱ्याला नेमका तोच शब्द टाकून विचारले तरच तो तोंड उघडतो. ही मौखिक साधने गोळा करण्याची रीत झाली. आम्ही वर्गात ‘इतिहासाची साधने’ हा धडा वर्षानुवर्षे शिकवला. परंतु एका साक्षीची दुसऱ्या साक्षीशी ताडणी करणे म्हणजे काय, हे मुलांना खरे कळले ते ब्रिटानियात. इंग्रजीही सुधारले, मात्र जुन्या वळणाचे. एका मुलाने निबंधात ‘यू’च्या जागी ‘दाऊ’ लिहिले आणि इंग्रजीच्या बाईंनी आम्हांला जाब विचारला.

सद्गुणांचा हिशोब खेळ गुपचूप ठेवतो. आकडा पडद्यावर कधीच दिसत नाही. भिकाऱ्याला नाणे दिले की करुणा वाढते, लढाईतून पळालो की शौर्य घटते. वैद्याकडे गेल्यावर तो शंभर अंश रक्त देता का विचारतो. दिले तर त्यागाच्या खाती जमा, नाकारले तर वजा. जो प्राणी मुळात दुष्ट नाही तो जखमी होऊन पळू लागला, तर त्याला जाऊ द्यायचे. कोणी विचारले की तूच सर्वांत श्रेष्ठ का, तर नाही म्हणायचे. राजवाड्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसतो. त्याला एखाद्या सद्गुणाविषयी विचारले की तो तुमची प्रगती शब्दांत सांगतो आणि त्याचे शब्द गोड नसतात.

आणि औषधी विकणाऱ्या बाया आंधळ्या असतात. मंत्रप्रयोगासाठी लसूण, जिनसेंग, गंधकाची राख, कोळ्याचे रेशीम असे जिन्नस लागतात. बाई एकूण किंमत सांगते आणि तुम्ही किती नाणी देता तो आकडा तुम्हीच टंकायचा. तिला दिसत नाही. किंमत चाळीस सांगितली असताना आम्ही एक टंकला. खेळ त्या क्षणी काहीही बोलला नाही. आम्ही पुन्हा घेतले, पुन्हा एक टंकला. पैशांची चणचण होती आणि खेळ आहे म्हणून आम्हांला काही वाटले नाही.

शेजारी टिपणे घेणारा एक आठवीतील मुलगा बसत असे. पारध्यांच्या बेड्यावरून आलेला, अबोल, अक्षर मात्र मोत्यासारखे. तो म्हणाला, “सर, त्या बाई आंधळ्या आहेत ना?”

आम्ही म्हणालो, “अरे, खेळच आहे तो.”

तो काही बोलला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिले.

त्याच सुमारास वसतिगृहात आम्ही बिनविक्रेत्याचे दुकान चालवीत होतो. वह्या, पेन, साबण मांडून ठेवलेले, शेजारी पत्र्याचा डबा. वस्तू घ्यावी, पैसे टाकावे, वहीत नोंद करावी. महिनाअखेर मोजणी झाली तेव्हा बासष्ट रुपये कमी भरले. दुकान सुरू झाल्यापासून प्रथमच तूट आली होती. आम्ही संतापलो आणि निवासगृहात जाऊन मुलांच्या पेट्या उघडायला लावल्या. तीस मुले उभी होती. त्यांतील पहिली पेटी आम्ही कोणाची उघडायला सांगितली, हे आता लिहिताना हात थांबतो. त्या पारधी मुलाची. त्याच आठवड्यात आम्ही नववीला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा शिकवला होता. जन्मावरून माणसाला चोर ठरवणारी ती राजवट कशी अमानुष होती आणि १९५२ साली या जमाती विमुक्त कशा झाल्या, हे आवेशाने सांगितले होते.

पेटीत दोन सदरे, एक चादर, ताटवाटी आणि ती टिपणांची वही निघाली. आम्ही वही चाळली. मंदिरांचे मंत्र, गावांची नावे, माणसांची नावे, सारे नीट मांडलेले. एका पानावर दोन स्तंभ आखले होते. डावीकडे ‘बाईंनी सांगितले’, उजवीकडे ‘सरांनी दिले’. चाळीस, एक. तीस, एक. खाली वजाबाकी करून बाकी काढलेली होती. आम्ही वही मिटली, पेटीत ठेवली आणि उरलेल्या पेट्या न उघडता परत फिरलो.

बासष्ट रुपयांचा उलगडा आठ दिवसांनी झाला. घटक चाचणीच्या वेळी उत्तरपत्रिका कमी पडल्या म्हणून आम्हीच दुकानातून वह्या उचलल्या होत्या, पैसे नंतर टाकू असे म्हणून. ते टाकले नव्हते आणि नोंदही केली नव्हती. आम्ही रक्कम डब्यात टाकली आणि त्या मुलाला बाजूला बोलावून चूक आमची असल्याचे सांगितले. तो म्हणाला, “सर, पेटी सगळ्यांसमोर उघडली होती.” त्यापुढे तो बोलला नाही आणि त्याची गरजही नव्हती. तरीही सर्वांसमोर बोलायला आम्हांला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सायंकाळच्या वंदनेनंतर उभे राहून आम्ही ते सांगितले. मुले शांत होती. नंतरच्या शनिवारी तो मुलगा नेहमीप्रमाणे वही घेऊन आला आणि आम्ही हॉकविंडसमोर उभे राहून प्रामाणिकपणाविषयी विचारले. द्रष्ट्याने जे सुनावले ते इंग्रजीत होते, तरी कोणाला भाषांतर करून सांगावे लागले नाही.

गेलेला प्रामाणिकपणा परत मिळवायचा कसा? खेळात त्याची वाट एकच : आंधळ्या बाईकडे पुन्हा पुन्हा जायचे आणि सांगितलेली पूर्ण किंमत मोजायची. आधीची बाकी फेडण्याची सोय नाही. त्या मुलाने त्याबद्दल खेळाला नावे ठेवली होती.

या शनिवारच्या बैठकांवर आक्षेप आला तो वेगळ्याच कारणाने. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मुलांना तुम्ही अवतार शिकवता काय?” प्रश्न रास्त होता. ईश्वर अवतार घेतो हे मानणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, या प्रतिज्ञा बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधींना दिल्या; त्यांचे मोल आम्हांला ठाऊक आहे. हा शब्द गॅरियटने भारतीय परंपरेतूनच उचलला होता. आणि मंत्रजप, ‘ओम्’ हासुद्धा त्यात एक मंत्र, ही सारी सामग्री आमच्याही पचनी पडत नसे. आमचे उत्तर असे होते की, या खेळात वरून कोणी उतरत नाही. सामान्य माणूस आचरणाने वर चढतो. कोणाची कृपा, कोणाचे कुळ उपयोगी पडत नाही. राजासुद्धा त्याला सद्गुण देऊ शकत नाही. शब्द जुना घेतला आणि अर्थ उलटा केला. सहकाऱ्यांना ते पटले नाही. जुने शब्द आपल्याबरोबर जुना अर्थ ओढून आणतात, असे त्यांचे म्हणणे, आणि ते चूक आहे असे आम्ही आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. मुलांपुरता तोडगा असा निघाला की, आमच्या बैठकीत ‘अवतार’ऐवजी ‘उपासक’ म्हणायचे. मुलांनी तो दोन शनिवार पाळला.

पुढील दोन भागांनी मात्र आम्हांला खरे वेड लावले. पाचव्या भागात (१९८८) राजा बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न नावाचा कारभारी तेच आठ सद्गुण कायदा करून लादतो. खोटे बोललास तर जीभ गमावशील, अशा प्रकारची कलमे. तोच सद्गुण, पण आज्ञा झाला की जुलूम होतो. शीलाचे पालन आपण ‘सिक्खापदं समादियामि’ म्हणून स्वतःहून का स्वीकारतो, हे मुलांना सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण आम्हांला मिळाले नव्हते.

सहावा भाग १९९० चा, ‘द फॉल्स प्रॉफेट’, अर्थात खोटा प्रेषित. हा आम्ही पुष्कळ उशिरा, दुसऱ्या संगणकावर खेळलो. आरंभी शिंगे-पंखवाले लाल राक्षस, ज्यांना तेथे गार्गॉइल म्हणतात, नायकाला वेदीवर बळी द्यायला निघालेले दिसतात. ते मंदिरे बळकावतात, माणसे मारतात. खेळणारा तलवार उपसतो. परंतु हळूहळू त्यांची भाषा कळू लागते, त्यांचा ग्रंथ हाती येतो आणि उलगडते ते असे : चौथ्या भागात ज्या परम ज्ञानग्रंथापर्यंत पोचण्यासाठी आम्ही आठही सद्गुण कमावले, अथांग विवरात उतरलो, तो ग्रंथ त्यांचा पवित्र ग्रंथ होता. तो गेल्यामुळे त्यांची भूमी कोसळत होती. त्यांच्या भविष्यवाणीतील खोटा प्रेषित म्हणजे आपणच. त्यांचीही नीतिव्यवस्था आहे, तिचीही तीन तत्त्वे आहेत : संयम, उत्कटता आणि उद्यम. शेवटी युद्ध जिंकून काही साधत नाही. ग्रंथ शून्यात परत ठेवावा लागतो, जेथून दोन्ही लोकांना तो पाहता येईल.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा दशावतारांच्या कथा त्यांनी हरलेल्यांच्या बाजूने वाचल्या. ज्यांना राक्षस म्हटले ते येथले मूळचे लोक होते आणि ज्यांचा विजय गायला गेला ते आक्रमक होते, अशी ती उलटी मांडणी. टेक्सासातील त्या संगणकवेड्याला फुल्यांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही आपल्याच गौरवगाथेचा नायक पुढच्या भागात चोर ठरवण्याचे धैर्य त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले, हे पाहून त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. चौथ्या भागात आम्ही इतक्या सचोटीने कमावलेली प्रत्येक गोष्ट आठवत होती. आंधळ्या बाईला पूर्ण किंमत मोजली, भिकाऱ्यांना दिले, रक्त दिले आणि सगळ्याच्या शेवटी दुसऱ्याच्या घरातील वस्तू उचलून आणली. त्याही वेळी आम्हांला ती चोरी वाटली नव्हती.

खरे तर ‘आणली’ म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. चौथा भाग आम्ही तेव्हा पूर्ण केलाच नव्हता. विवराचे दार उघडण्याआधी वसतिगृहाचा संगणक एका पावसाळ्यात बंद पडला तो पडलाच, आणि शेवट आम्हांला पुढे वाचून कळला. टिपणांची वही त्या मुलाने दहावी झाल्यावर सोबत नेली. तो आज कोठे असतो हे आम्हांला माहीत आहे, येथे नाव घेत नाही. स्मरणिका त्याच्या पत्त्यावर जाईलच.

मागील वर्षी कन्येने हा खेळ तिच्या लॅपटॉपवर उतरवून दिला. “बाबा, एवढ्याशा चित्रांत काय पाहत होतात तुम्ही?” असे म्हणून ती बाजूला बसली. जत्रेतील वृद्धेने पुन्हा सात प्रश्न विचारले. उत्तरे आम्ही प्रामाणिकपणे दिली, निदान तसा प्रयत्न केला, आणि या खेपेस न्याय मागे पडून नम्रता उरली. नम्रतेचा पेशा मेंढपाळाचा. सर्वांत दुबळा पेशा तोच, आणि त्याचे गाव मॅजिन्सिया, जे आपल्या अहंकारामुळे उद्ध्वस्त झालेले आहे. तेथे भग्न भिंतींतून भुते हिंडतात. सोबतीला कोणी नसतो. उरलेले सात सोबती सात गावांत विखुरलेले, त्यांना एकेक करून शोधावे लागते आणि सगळे जमल्याशिवाय शेवट गाठता येत नाही.

सात सोबती जमले आहेत. बाजारात किंमत पूर्ण मोजतो. कन्या आकडा मोठ्याने वाचते. सात मंदिरे झाली. प्रत्येक मंदिरात एक अक्षर मिळते, त्यांतून विवराच्या तळाशी विचारल्या जाणाऱ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बनते. आमच्या वहीत सात अक्षरे लिहिलेली आहेत. आठवे मंदिर नम्रतेचे. त्याच्या वाटेवर दैत्यांचा पहारा आहे आणि ते केवळ चांदीच्या शिंगाच्या नादाने मागे हटतात. ते शिंग कोठे आहे, हे त्या मुलाच्या वहीत लिहिलेले होते. आम्ही अजून शोधतो आहोत.